वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदाच जाताय? कुटुंबाच्या सहलीची आखणी अशी करा

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ असलेलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एखादं पार्क नव्हे. ऑक्टोबर १९७१ मध्ये मॅजिक किंगडम उघडलं. मग १९८२ मध्ये एपकॉट आलं, १९८९ मध्ये आज ज्याला हॉलीवूड स्टुडिओज म्हणतात ते आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. या चार पार्कांशिवाय दोन वॉटर पार्क, डिस्नेची स्वतःची वीसहून अधिक हॉटेलं आणि दुकानं-रेस्टॉरंटांनी भरलेलं डिस्ने स्प्रिंग्ज आहे. हा सगळा पसारा साधारण शंभर चौरस किलोमीटरचा. एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज यांच्यामध्ये पायवाट आहे, ती सोडली तर एका पार्कातून दुसऱ्यात चालत जायचा विचारही करू नका.

पहिल्यांदा जाणारी कुटुंबं बहुतेक वेळा सगळं बघायच्या हट्टापायी दमतात. एका आठवड्यात सगळं बघून होत नाही, आणि तसं करायची गरजही नसते. आखणी करताना पैशांच्या बरोबरीने सकाळ मोजा. पार्क उघडल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत जेवढ्या राइड होतात, तेवढ्या दुपारी बारा ते पाचमध्येही होत नाहीत. हॉटेल कुठलं घ्यायचं, मुलं किती वाजता झोपवायची, रात्रीची आतषबाजी कुठल्या दिवशी बघायची, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवा.

आधी माणसं, मग दिवस

कॅलेंडर उघडण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचं वय आणि मुलांची उंची कागदावर लिहा. तिकिटाच्या दृष्टीने तीन वर्षांखालचं मूल फुकट, तीन ते नऊ मुलांचा दर आणि दहापासून पुढे मोठ्यांचा दर. मुलांच्या आणि मोठ्यांच्या दरात फार फरक नसतो. त्यामुळे मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत जाणं आणि नंतर जाणं, यात बऱ्यापैकी पैशांचा फरक पडतो. पण अडीच वर्षांचं मूल दुपारी झोपतं, उन्हात कुरकुरतं आणि मोठ्या राइडवर बसू शकत नाही, हेही त्याच हिशेबात धरा. मुलांसाठी म्हणून जात असाल तर पाच ते नऊ हे वय सगळ्यात सोयीचं.

उंचीचा नियम कडक आहे. राइडच्या तोंडाशी पट्टी लावून मोजतात आणि अर्ध्या इंचाचीही सूट देत नाहीत. तासभर रांगेत उभं राहून मुलाला परत फिरावं लागलं तर पुढचा अर्धा दिवस रडारडीत जातो. म्हणून पार्कात घालायचे बूट घालून घरीच मोजा आणि मुलाला आधीच सांगून ठेवा. मुख्य राइडसाठी लागणारी उंची अशी:

- ३८ इंच (९७ सेंमी): सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, स्लिंकी डॉग डॅश, मिलेनियम फाल्कन
- ४० इंच (१०२ सेंमी): टियानाज बायू ॲडव्हेंचर, टॉवर ऑफ टेरर, राइज ऑफ द रेझिस्टन्स, सोरिन, टेस्ट ट्रॅक
- ४२ इंच (१०७ सेंमी): गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी: कॉस्मिक रिवाइंड
- ४४ इंच (११२ सेंमी): स्पेस माउंटन, एक्सपिडिशन एव्हरेस्ट, अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज
- ४८ इंच (१२२ सेंमी): ट्रॉन

उंची भरली म्हणजे मूल घाबरणार नाही असं नाही. टॉवर ऑफ टेररला ४० इंच पुरतात, पण अंधारात लिफ्ट कोसळण्याचा तो प्रकार सहा-सात वर्षांच्या मुलांनाही झेपतोच असं नाही. राइडचा व्हिडिओ आधी दाखवा आणि मूल नको म्हणालं तर विषय सोडा.

एखादं मूल लहान आहे म्हणून आई-बाबांपैकी एकाची राइड हुकायचं कारण नाही. राइडपाशी सगळे एकत्र जा आणि कर्मचाऱ्याकडे ‘रायडर स्विच’ मागा. एकजण मुलाला घेऊन बाहेर थांबतो, बाकीचे रांगेतून जाऊन येतात आणि मग थांबलेल्याला लाइटनिंग लेन या एरवी पैसे भरून वापरायच्या छोट्या रांगेतून सोडतात. याला पैसे पडत नाहीत. फक्त लहान मूल बरोबर दिसायला हवं. त्याला खाऊच्या स्टॉलवर ठेवून एकट्याने मागायला गेलात तर मिळणार नाही.

कधी जावं

सर्वांत जास्त गर्दी नाताळ ते नववर्ष या आठवड्यात. त्याखालोखाल नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगचा आठवडा, मार्चच्या मध्यापासून ईस्टरपर्यंतची स्प्रिंग ब्रेक आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर त्या मानाने मोकळे असतात, कारण अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात. जानेवारीचा शेवट, मेचे पहिले आठवडे आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडाही बरा.

पण सप्टेंबर स्वस्त का, हेही समजून घ्या. जून ते सप्टेंबर पारा ३२-३३ अंशांवर असतो, हवा दमट असते आणि दुपारी गडगडाटी पाऊस जवळजवळ रोजचाच. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. या काळात जायचं तर प्रवास विमा घ्या आणि पैसे परत मिळू शकतील अशीच बुकिंगं करा. उलट जानेवारीतल्या काही सकाळी पारा दहा अंशांच्या खाली असतो. तेव्हा जॅकेट लागतं आणि पोहण्याचा बेत बारगळतो.

एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या, वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये होतात. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. रात्रीची आतषबाजी बघायचीच असेल तर पार्टीचा दिवस टाळा. आतषबाजीचं अप्रूप नसेल तर मुद्दाम तोच दिवस निवडा, कारण पार्क लवकर बंद होतं म्हणून बरेच लोक त्या दिवशी येत नाहीत आणि दिवसभर रांगा छोट्या राहतात.

किती दिवस आणि कुठलं पार्क कधी

पहिल्या खेपेला चार पार्कांचे पाच दिवस हे चांगलं माप. दहा वर्षांखालची मुलं असतील तर मॅजिक किंगडमला दोन दिवस आणि बाकीच्यांना एकेक. किशोरवयीन मुलं असतील तर मॅजिक किंगडमचा दुसरा दिवस हॉलीवूड स्टुडिओजला द्या. पोहोचायच्या दिवशी पार्क ठेवू नका. विमान तीन तास उशिरा आलं तर दिवसाचं तिकीट फुकट जातं. पार्कांचे सलग तीन दिवस झाले की मध्ये एक दिवस हॉटेलच्या पूलवर काढा. दिवसाला दहा ते पंधरा किलोमीटर चालणं होतं, आणि चौथ्या दिवशी मुलांच्या आधी मोठ्यांचे पाय बोलतात.

ॲनिमल किंगडम इतरांपेक्षा लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं. किलिमांजारो सफारी सकाळीच करावी, कारण ऊन चढलं की प्राणी सावलीत दडून बसतात. एपकॉट याच्या उलट. त्याचा मागचा भाग, म्हणजे तळ्याभोवतीच्या अकरा देशांच्या मंडपांचं वर्ल्ड शोकेस, अकराच्या सुमारास उघडतं आणि संध्याकाळी खरं रंगात येतं. ती फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची आहे. हॉलीवूड स्टुडिओजमध्ये राइड कमी पण मागणी प्रचंड, त्यामुळे तिथे उशिरा पोहोचण्याची शिक्षा सगळ्यात मोठी.

जवळच युनिव्हर्सल ऑरलँडोची पार्कं आहेत आणि त्यातलं एपिक युनिव्हर्स २२ मे २०२५ रोजी उघडलं. ती वेगळ्या कंपनीची आहेत, तिकीट वेगळं आणि दिवसही वेगळे. डिस्नेच्या पाच दिवसांतून एक दिवस काढून युनिव्हर्सल ‘उरकायचा’ प्रयत्न करू नका.

तिकिटं

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. एका दिवसाचं तिकीट साधारण १२० डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळात मॅजिक किंगडमचं २०० च्या आसपास किंवा वर जातं. त्यावर साडेसहा टक्के कर. जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की रोजचा दर घसरत जातो. अशा तिकिटाला मुदत असते. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांच्या आत वापरावं लागतं, म्हणून विश्रांतीचा दिवस त्याच मुदतीत बसवा.

पार्क हॉपर घेतलं तर एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कांत जाता येतं. ९ जानेवारी २०२४ पासून ते दिवसभर कधीही वापरता येतं. पहिल्या खेपेला ते बहुतेकांना परवडत नाही. एका पार्कातून बाहेर पडून बस पकडून दुसऱ्यात शिरेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. सकाळी ॲनिमल किंगडम आणि संध्याकाळी एपकॉटमध्ये जेवण, असा पक्का बेत असेल तरच त्यावर पैसे घाला.

डिस्नेची वेबसाइट किंवा अधिकृत विक्रेते सोडून कुणाकडूनही तिकीट घेऊ नका. फाटकावर बोटाचा ठसा तिकिटाशी जोडतात आणि तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे कुणाचे ‘उरलेले दोन दिवस’ स्वस्तात मिळाले तर ते कागदच. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तारीख मात्र फरक भरून बदलता येते. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या आजी-आजोबांना अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा लागतो. तो हातात येईपर्यंत त्यांची तिकिटं काढू नका.

हॉटेल आत घ्यावं की बाहेर?

डिस्नेच्या हॉटेलांचे तीन मुख्य वर्ग आहेत. व्हॅल्यू वर्गात पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि तीन ऑल-स्टार हॉटेलं. मॉडरेटमध्ये कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज आणि दोन पोर्ट ऑर्लीन्स. डिलक्समध्ये काँटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, ॲनिमल किंगडम लॉज वगैरे. व्हॅल्यूची खोली रात्रीला साधारण दीडशे ते तीनशे डॉलर आणि डिलक्स बहुधा पाचशेच्या वर. खोलीवर सुमारे साडेबारा टक्के कर लागतो, आणि पाहिलेल्या दरात तो धरलेला नसतो.

आत राहण्याचे फायदे मोजण्यासारखे आहेत. रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी प्रवेश. लाइटनिंग लेनचं बुकिंग इतरांपेक्षा चार दिवस आधी. पार्कपर्यंत मोफत बस आणि पार्किंग. बाहेरच्या हॉटेलात खोली मोठी, सकाळचा नाश्ता फुकट आणि दर अर्ध्यावर. पण रोजचं पार्किंग तीस-पस्तीस डॉलरचं आणि सकाळचा तो अर्धा तास गेला. पाच-सहा दिवस रोज पार्कात जाणार असाल तर आतलं स्वस्त हॉटेल, हे आमचं स्पष्ट मत. दोनच दिवस पार्क आणि बाकी फ्लोरिडा बघायचा असेल तर बाहेर राहा.

पाच-सहा जणांच्या कुटुंबाने खोलीत किती माणसं राहू शकतात ते आधी बघावं. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चौघंच. सहा जणांसाठी आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिकमध्ये फॅमिली सूट आहेत. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि कॅरिबियन बीच ही स्कायलायनर नावाच्या रोपवेने एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला जोडलेली आहेत. बसची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. विजा चमकायला लागल्या की मात्र तो थांबवतात.

फक्त खोली घेतली तर येण्याच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द करता येते. खोली आणि तिकीट मिळून पॅकेज घेतलं तर येण्याला ३० दिवसांहून कमी उरले की दंड सुरू होतो. व्हिसा किंवा रजा अधांतरी असेल तर दोन्ही वेगवेगळं घ्या.

बुकिंगचं वेळापत्रक

सगळं ‘माय डिस्ने एक्स्पिरियन्स’ या ॲपवर चालतं. घरातल्या सगळ्यांची नावं एका खात्यात, प्रत्येकाचं तिकीट त्याच्या नावाला जोडलेलं, आणि निदान दोन मोठ्यांच्या फोनवर ॲप चालू, हे निघण्याच्या महिनाभर आधी करून ठेवा. एकाच फोनवर सगळं असलं आणि दुपारी तो फोन बंद पडला की जेवणापासून राइडपर्यंत सगळं अडतं.

टेबलावर बसून जेवायच्या रेस्टॉरंटचं बुकिंग ६० दिवस आधी, फ्लोरिडाच्या वेळेने सकाळी सहाच्या सुमारास उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना येण्याच्या दिवसापासून मोजून साठाव्या दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम घेता येतात. म्हणजे तुमच्या सहलीच्या सहाव्या दिवसाचं टेबल तुम्ही ६५ दिवस आधी घेताय, जेव्हा इतरांना ते दिसतच नाही. म्हणून सगळ्यात अवघड बुकिंग, उदाहरणार्थ सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण, सहलीच्या शेवटच्या दिवसांत ठेवा. बेत बदलला तर दोन तास आधीपर्यंत रद्द करा, नाहीतर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात.

आता लाइटनिंग लेन. जुलै २०२४ पासून हिचे मुख्य दोन प्रकार आहेत. मल्टी पासमध्ये त्या दिवसाच्या तीन राइडच्या वेळा आधीच घेता येतात. दर पार्क आणि तारखेनुसार माणशी साधारण १५ ते ४० डॉलर. सर्वाधिक मागणीच्या मोजक्या राइड त्यात नसतात. ट्रॉन, कॉस्मिक रिवाइंड, राइज ऑफ द रेझिस्टन्स, फ्लाइट ऑफ पॅसेज यांच्यासाठी सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना येण्याच्या सात दिवस आधी सगळ्या दिवसांचं बुकिंग एकदम करता येतं, बाकीच्यांना प्रत्येक दिवसाचं तीन दिवस आधी. दोन्ही फ्लोरिडाच्या सकाळी सातला सुरू होतं. भारतातून करत असाल तर ते उन्हाळ्यात दुपारी साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला येतं.

मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजमध्ये राइडचे दोन गट केलेले असतात. पहिल्या गटातली एक आणि दुसऱ्यातल्या दोन घेता येतात. पहिली राइड झाली की हे बंधन सुटतं आणि रिकामी झालेली जागा लगेच कुठल्याही राइडसाठी वापरता येते. म्हणून तिन्ही वेळा दिवसाच्या सुरुवातीलाच घ्या. साडेनऊची वेळ घेतली तर पावणेदहाला पुढची घेता येते. तीनही वेळा संध्याकाळच्या घेतल्या तर पाससाठी दिलेले निम्मे पैसे पाण्यात.

सगळीकडे हा पास लागत नाही. मॅजिक किंगडम आणि हॉलीवूड स्टुडिओजमध्ये गर्दीच्या दिवशी घ्या. एपकॉटला जमलं तर. ॲनिमल किंगडममध्ये सकाळी वेळेवर पोहोचलात तर गरज पडत नाही.

पोहोचणं आणि आतला प्रवास

ऑरलँडो विमानतळापासून डिस्ने साधारण ३० किलोमीटर. टॅक्सी, शेअर शटल किंवा भाड्याची गाडी असे पर्याय आहेत. डिस्नेची मोफत विमानतळ बस जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे. टॅक्सी मागवताना सीट मिळेल का ते आधीच विचारा. डिस्नेच्या बसमध्ये सीटची गरज नसते.

हॉटेलच्या दारातून पार्कच्या फाटकापर्यंत तास धरा. गाडीने मॅजिक किंगडमला जाणाऱ्यांनी जास्तच धरावा, कारण पार्किंग पार्कपाशी नाही. आधी ट्रान्स्पोर्टेशन अँड तिकीट सेंटर, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. हॉटेलची बस मात्र थेट फाटकापाशी सोडते. गाडी असूनही मॅजिक किंगडमला बसने जाणारे शहाणे. ॲनिमल किंगडमला बस किंवा गाडीशिवाय पर्याय नाही.

पार्कातला दिवस

पार्क नऊला उघडत असेल तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साडेआठला प्रवेश. त्यांनी आठच्या आत फाटकाशी असावं, आणि बाहेर राहणाऱ्यांनी सव्वाआठला. मॅजिक किंगडममध्ये त्या अर्ध्या तासात फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड उघडं असतं. म्हणून थेट माइन ट्रेन किंवा पीटर पॅन्स फ्लाइट गाठा. वाटेत किल्ल्यासमोर फोटो काढत बसू नका. तोच किल्ला संध्याकाळच्या उजेडात जास्त चांगला दिसतो.

साडेअकरापर्यंत रांगा फुगतात. तेव्हा जेवा. साडेबाराला जेवायला निघालेल्यांना बसायला जागा मिळत नाही. काउंटरवरचं जेवण ॲपवरून मागवता येतं, पण दुपारच्या वेळा भरून जातात. दहा वाजता रांगेत उभे असतानाच अकराची वेळ टाकून ठेवा. शाकाहारींनी मेनूवर पानाचं चिन्ह शोधावं. ते मांस, अंडी, दूध आणि मध नसलेल्या पदार्थांवर असतं. अंडं किंवा सूपमधला मांसाचा रस चालत नसेल तर मागवण्याआधी कर्मचाऱ्याला स्पष्ट विचारा. ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या रेस्टॉरंटमध्ये नान-कुलच्यांबरोबर चटण्यांची मोठी परडी मिळते, आणि बाहेरच्या कुरणात जिराफ चरत असतात. आठवडाभराच्या पिझ्झा-फ्राइजवर हा चांगला उतारा.

बाहेरून कोरडा खाऊ आणि जेवण पार्कात नेता येतं. काचेची बरणी, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही, बर्फाचे पॅक चालतात. काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर फुकट देतात, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. टेबलावर बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप धरा. सहा किंवा अधिक जण असतील तर १८ टक्के बिलातच लावलेली असते. वेगळी देण्याआधी बिल वाचा.

दुपारी दोन ते पाच हा वेळ लहान मुलं असणाऱ्यांनी हॉटेलवर घालवावा. पूल, आंघोळ, झोप आणि पुन्हा पार्क. मुलं मोठी असतील तर थंडगार नाट्यगृहातले खेळ याच वेळी बघा. गडगडाट सुरू झाला की उघड्यावरच्या राइड बंद होतात आणि अर्धं पार्क घाबरून बसकडे धावतं. वादळ बहुधा तासाभरात सरतं. छपराखाली थांबून राहिलात तर त्यानंतर रांगा एकदम ओसरलेल्या मिळतात.

आतषबाजी संपली की फाटकाबाहेर बसच्या रांगा लागतात. मुलं जागी असतील तर मेन स्ट्रीटवर अर्धा तास रेंगाळा, नाहीतर आतषबाजी फाटकाच्या बाजूने बघा आणि शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर पडा. आणि आतषबाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचा बेत ठेवू नका. रात्री अकराला झोपलेलं मूल सहाला उठत नाही. अशा दिवसापुढेच विश्रांतीचा दिवस टाका.

बाळं आणि आजी-आजोबा

सात वर्षांपर्यंतच्या मुलासाठीही बाबागाडी न्या, ते घरी वापरत नसलं तरी. पार्कात भाड्याने मिळणारी गाडी कडक प्लास्टिकची असते, तान्ह्या बाळाला चालत नाही, आणि फाटकाबाहेर नेता येत नाही. म्हणजे रात्री झोपलेलं मूल बसपर्यंत खांद्यावर. स्वतःची गाडी ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्या आत हवी. ओढायच्या वॅगनला बंदी आहे. राइडबाहेर शेकडो सारख्या गाड्या उभ्या असतात, म्हणून हँडलला भडक रिबन बांधा. कर्मचारी गाड्या सरकवून रांगेत लावतात, तेव्हा ठेवली तिथे नसेल तर चोरीला गेली असं समजू नका.

प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असतं. दूध पाजायला खोली, डायपर बदलायला टेबलं, अन्न गरम करायची सोय. हरवलेली मुलंही तिथेच आणतात. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहिलेला पट्टा बांधा आणि नावाची पट्टी लावलेल्या कर्मचाऱ्याकडे जायचं एवढंच शिकवा. प्रथमोपचार केंद्रात पायाच्या फोडांच्या पट्ट्या, साधी वेदनाशामकं मिळतात, आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवता येतं.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी ‘चालून बघते’ म्हणू नये. पहिल्या दिवसापासून व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची स्कूटर घ्या. पार्कातल्या स्कूटर आधी येणाऱ्याला मिळतात आणि सकाळीच संपतात. बाहेरचे विक्रेते आठवड्याच्या भाड्याने देतात. हॉटेलवर पोहोचवण्याची पद्धत आणि तेव्हा कुणी हजर राहावं लागतं का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. बहुतेक रांगांत व्हीलचेअर जाते. डीएएस ही वेगळी सोय ऑटिझमसारख्या कारणांमुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, केवळ चालता येत नाही म्हणून ती मिळत नाही.

बॅगेत काय

वापरून मऊ झालेल्या बुटांचे दोन जोड. नवे कोरे बूट पहिल्याच दुपारी फोड आणतात, आणि पावसात भिजलेला जोड दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही. प्रत्येकाचा प्लास्टिकचा रेनकोट, कारण गर्दीत छत्री अडचणीची आणि पार्कातला महाग. पॉवर बँक, कारण ॲप आणि फोटो मिळून बॅटरी दुपारपर्यंत खातात. सनस्क्रीन, टोपी, रिकामी बाटली, फोन भिजू नये म्हणून चेनच्या पिशव्या, आणि बसमधल्या कडक एसीसाठी एक पातळ स्वेटर. मुलांचे जादाचे कपडे पाण्याच्या राइडनंतर लागतात. सेल्फी स्टिक आणू नका, ती पार्कात नेऊ देत नाहीत.

जुन्या माहितीपासून सावध

इंटरनेटवरचे निम्मे सल्ले कालबाह्य आहेत. फास्टपास आणि जिनी प्लस या रांग टाळायच्या जुन्या सोयी आता नाहीत. तारखेच्या तिकिटाला पार्कचं वेगळं आरक्षण लागत नाही. ट्रॉन आणि कॉस्मिक रिवाइंडसाठी ॲपवर नंबर लावायची व्हर्च्युअल रांग बंद झाली आहे. टॉम सॉयर आयलंड आणि तिथली वाफेची बोट जुलै २०२५ मध्ये कायमची गेली. ॲनिमल किंगडमचा डायनोलँड विभागही मोडीत निघाला. व्हिडिओ बघताना त्याची तारीख आधी बघा, आणि निघण्याच्या आठवड्यात ॲपवर डागडुजीसाठी बंद असलेल्या राइडची यादी तपासा. पास घेतलेली राइड ऐनवेळी बंद पडली तर ॲपमध्ये बदली प्रवेश आपोआप येतो, भांडायला जाऊ नका.

निघायचा दिवस

खोली अकराला सोडावी लागते, पण बॅगा हॉटेलच्या बेल सर्व्हिसेसकडे ठेवून पूल वापरता येतो. विमान संध्याकाळचं असेल तर डिस्ने स्प्रिंग्जला जा, तिथे प्रवेश फुकट आहे आणि उरलेली खरेदी होते. तिकिटाचा दिवस या दिवशी खर्च करू नका. बिल आदल्या रात्री ॲपवर तपासा, मॅजिकबँड या डिस्नेच्या मनगटी पट्ट्यावर मुलांनी केलेली खरेदी तिथेच दिसते. ऑरलँडो विमानतळावर सुट्टीच्या मोसमात सुरक्षा तपासणीच्या रांगा लांबतात. देशांतर्गत उड्डाणासाठी हॉटेलमधून साडेतीन तास आधी निघा, आंतरराष्ट्रीयसाठी साडेचार.